नानांची इच्छा

"मशीन रिकामं बसलं की त्याला भूक लागते," नाना म्हणाले, "आणि ती भूक पेशंटनं भागवायची असते."

ते जेवणाच्या टेबलाशी बसून ओला हरभरा सोलत होते. आईनं जुनं वर्तमानपत्र पसरून पेंढी समोर टाकली होती आणि "रविवार आहे, दोघांनी हात चालवा," असं बजावून ती स्वयंपाकघरात गेली होती. नानांनी ऑपरेशनं बंद केल्याला बरीच वर्षं झाली होती, पण बोटं अजून सर्जनचीच होती. घाटा दोन बोटांत धरून हलकेच दाबायचे आणि दाणा न दुखावता बाहेर यायचा. माझ्या वाटीत सालंच जास्त होती.

आमच्या दोघांच्या मधे तो प्रस्ताव पडला होता. गुळगुळीत कागदाचं जाड पुस्तक. मुखपृष्ठावर काचेची उंच इमारत, तिच्यापुढे आमच्या गावात कधी न उगवलेली ताडाची झाडं, आणि झाडांखालून चालत येणारं एक गोरं कुटुंब.

"ही बाई कोण?" नानांनी हिरव्या झालेल्या बोटानं दाखवलं. "गुडघ्यापर्यंत झगा घालून आपल्याकडे एमआरआयला कोण येणार आहे?"

"सगळ्या प्रस्तावांवर हेच कुटुंब असतं, नाना. मला हे लातूरलाही भेटलेत."

"मग तब्येत बरी दिसते त्यांची. मशीनची गरज नाही." ते स्वतःच्याच विनोदावर हसले आणि पुढचा घाटा उचलला.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात 'हितवर्धिनी' हे ट्रस्टचं रुग्णालय. नाना तिथले पहिले सर्जन, आणि आता विश्वस्त. अध्यक्ष बापूसाहेब थोरवत, गुळाचे मोठे व्यापारी, नानांचे जुने मित्र. त्यांनी हा प्रस्ताव आणला होता. रेडिओलॉजीची नवी इमारत, एमआरआय, आणखी एक मोठं सीटी. त्यासाठी रुग्णालयाची जागा बँकेकडे तारण. विश्वस्तांनी ठरवलं, मंजुरीआधी खर्च खरंच रास्त आहे का ते कुणीतरी नीट तपासावं. ते काम नानांकडे आलं, आणि नानांनी माझं नाव सुचवलं. पुण्यात माझी नोकरी हीच होती. एखाद्या रुग्णालयाला जे यंत्र हवंसं वाटतं, त्याची त्याला गरज आहे की नाही हे मी सांगत असे. गावात सगळे आम्हांला 'बापलेकीची कमिटी' म्हणायचे. तो सगळा हिवाळा मी सुट्टीला पुण्याहून येत होते आणि मंगळवारच्या सभेत आम्हांला आमचं मत सांगायचं होतं.

"बापूला मशीन नकोय," नाना म्हणाले. "त्याला ते फाटक उघडायचंय."

फाटकाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. बापूसाहेबांची बायको गच्चीवरून पडली, डोक्याला मार लागला. तेव्हा इथं सीटीसुद्धा नव्हतं. सांगलीला नेताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, तोवर त्या गेल्या होत्या. पुढे बापूसाहेबांनी धडपडून सीटी आणलं, पण एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नव्हतं.

"आणि हे बघ." नानांनी नकाशाचं पान उघडलं. "एमआरआयचं वजन प्रचंड, म्हणून ते तळमजल्यावरच बसणार. तळमजल्यावर काय आहे? आपला फुकट वॉर्ड. तो म्हणे तात्पुरता वर न्यायचा. तात्पुरता! या शब्दाइतकं टिकाऊ दुसरं काही मी पाहिलं नाही. आणि कशासाठी? आपण ज्यांना एमआरआयसाठी सांगलीला पाठवतो, त्यांतले निम्मेअधिक तर करूनही घेत नाहीत. म्हणजे एवढी मागणीच नाही."

मी त्या न जाणाऱ्यांना भेटून आले होते. शनिवारी सकाळी एसटीनं वस्त्यांवर जायचं, घरं शोधत फिरायचं. माझ्या लक्षात असं आलं होतं की पुरुष सांगलीला जातात. न गेलेल्यांत जवळजवळ सगळ्या बायका. एका वस्तीवर हौसाक्का म्हणून एक बाई होत्या. डावा हात बधिर होत चालला होता. मला चहा देताना त्यांनी कपाला उजवा हात लावला आणि डावा पदराखाली ठेवला. "जायाचं म्हंजे संगं माणूस पायजे," त्या म्हणाल्या. "माणसं ऊसतोडीवर. दिवाळीनंतर बघू म्हनलं." मी गेले तेव्हा दिवाळी केव्हाच होऊन गेली होती.

"नाना, मागणी नाही असं नाही," मी म्हणाले. "बायका जात नाहीत. आणि ज्या जात नाहीत त्या आपल्या हिशेबात येतच नाहीत. आकडा कमी आहे हाच..."

"न गेलेल्यांच्या भरवशावर मशीन घ्यायचं?" नानांनी मान हलवली. "जी सांगलीला जात नाही ती इथंही येणार नाही. हे तुझं पुण्याचं गणित झालं. अगं, तासाभराचा तर रस्ता आहे."

तुमच्यासाठी तासाभराचा, नाना. हे वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार झालं होतं. मी काहीतरी पुटपुटले, ते माझं मलाही समजलं नाही.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "हेमा, काय ते मोठ्यानं बोल गं. पुटपुटू नकोस. मला इथं काही ऐकू येत नाही."

"काही नाही गं."

नाना माझ्याकडे पाहत होते. "मग? तुझं मत काय?"

"तुम्ही म्हणताय त्यात तथ्य आहे."

"तथ्य आहे हे काही मत झालं नाही. असं हळदीकुंकवाला म्हणतात. लिहू मी? नकार?"

"लिहा."

त्यांचा चेहरा उजळला. लेक आपल्या बाजूची आहे याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. त्यांनी माझ्या वाटीतली सालं आपल्या बाजूला ओढली आणि आपले दाणे माझ्या वाटीत ओतले.

लहानपणी ते मला रुग्णालयाच्या डार्करूममध्ये नेत. लाल दिवा, आंबट वास, आणि पाण्यातून हळूहळू वर येणारी कुणाची तरी बरगडी. "काही झालं तरी दार उघडायचं नाही," ते सांगत. "उघडलंस तर फिल्म गेली." एकदा मला घाईची लागली होती. मी पाय आवळून उभी राहिले आणि शेवटपर्यंत बोलले नाही. बाहेर आल्यावर माझा ओला फ्रॉक दिसला तेव्हा नाना हसले नाहीत. नर्सना म्हणाले, "बघा, काय पोरगी आहे. फिल्म वाचवली." मी ते वाक्य पदकासारखं बाळगत आले होते.

हरभऱ्याची उसळ झाली. नाना दुपारी झोपले नाहीत; मला एसटीवर सोडायला आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "मंगळवारी लवकर ये. आपण आधी मिसळ खाऊ, मग बापूशी भांडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. ओपीडीला निघताना नाना पायमोजे घालायला खुर्चीत बसले होते. एक मोजा पायात होता, दुसरा हातात.

*

मंगळवारची सभा झाली नाही. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात सतरंजी पसरली गेली आणि मी तिच्यावर बसले ते बसलेच. लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक, असं कुणीतरी मला प्रेमानं सांगितलं. म्हणजे मी मोकळी होते. पण जाणार कुठं होते? माणसं येत, नानांनी कापलेल्या-शिवलेल्या जागा दाखवत. एकानं सदरा वर करून पोटावरचा व्रण दाखवला, त्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडला. आणि जवळपास प्रत्येक जण उठताना एक वाक्य बोलून जाई.

"मशीन आलं असतं तर डॉक्टर वाचले असते."

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "हृदय अचानक थांबलं. याचा एमआरआयशी काही संबंध नाही." समोरच्या माणसानं समजूतदारपणे मान डोलावली आणि शेजारच्याला सांगितलं, "धक्का बसलाय तिला." त्यानंतर मी बोलणं सोडलं.

आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली असे. जेवण पुढे आलं की दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. रात्री पापणी मिटायची नाही. माझा भाऊ उदय बडोद्याहून आला होता. तो तिच्यासाठी कधी पेज, कधी मऊ भात घेऊन बसायचा. "आई, अशानं तू आजारी पडशील," एवढंच पुन्हापुन्हा म्हणायचा.

ती एकदाच बोलली. "जाताना काही सांगून गेले नाहीत. इतकी वर्षं रोज निघताना 'येतो गं' म्हणायचे. त्या दिवशी तेवढंही नाही."

*

दहाव्या दिवशी आम्ही घाटावर गेलो. बायका सहसा येत नाहीत, मी गेले. गुरुजींनी काही विचारलं नाही. उदयनं पिंड केले, दर्भ ठेवला, नमस्कार केला, आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो.

पलीकडच्या पिंपळावर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना.

आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे. मग जिवंत माणसांनी अंदाज घेत एकेक वचन द्यायचं. बरोबर वचन निघालं की कावळा शिवतो.

उदय पुढे झाला. घसा खाकरून म्हणाला, "नाना, आईची काळजी करू नका. मी तिला बडोद्याला नेतो."

कावळा हलला नाही.

"नाहीतर... इथंच ठेवतो. तिच्या मनाप्रमाणे."

एक कावळा उडाला आणि वरच्या फांदीवर जाऊन बसला.

आमचे चुलतकाका मागून म्हणाले, "घरातला हेमाचा वाटा हेमाला मिळेल म्हणून सांग." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. कावळ्यांना माझ्या वाट्याशी काही देणंघेणं नव्हतं.

ऊन चढलं. गुरुजी पिशवीतून जास्तीचा दर्भ काढू लागले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. ती त्याची तयारी होती. आईला जाऊन काय सांगायचं, हे उदयच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात बापूसाहेब पुढे झाले. पायातल्या वहाणा त्यांनी मागेच काढल्या होत्या. ओल्या पायरीवर उतरून त्यांनी हात जोडले. भला दांडगा माणूस, पण आवाज पार चिरकला होता.

"डॉक्टर, तुमचं मशीन आमी आणतो. बिल्डिंग बांधतो. तुमच्या नावानं बांधतो. बापू थोरवताचा शब्द हाय."

आणि कावळा आला. पिंपळावरून सरळ खाली उतरला, पिंडावर चोच मारली, भाताचं शीत उचललं. मग दुसरा आला, तिसरा आला.

घाटावर एकदम हुंदके फुटले. कुणीतरी "डॉक्टर, डॉक्टर" म्हणत लोटांगण घातलं. बापूसाहेब पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "ऐकलं वो," ते म्हणत होते. "माझं ऐकलं." ते नानांशी बोलत होते की आणखी कुणाशी, हे मला सांगता येणार नाही.

मी तोंड उघडलं. उदयनं माझं मनगट पकडलं, चांगलं घट्ट.

"आत्ता नको," तो कुजबुजला. "पाया पडतो तुझ्या."

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. आई उठून दारात उभी होती.

"शिवला?"

"शिवला," उदय म्हणाला.

"मशीन म्हटल्यावर?"

"हो, आई."

ती मग म्हणाली, "बघा. बायकोला सांगितलं नाही. कावळ्याला सांगितलं." आणि दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या दुपारी तिनं भात मागून घेतला, वर ताक घेतलं, आणि सतरंजीच्या कडेला कुशीवर झोपली. घोरत होती. आम्ही दोघं भावंडं तिच्या घोरण्याकडे पाहत बसलो.

*

तेराव्यानंतर बापूसाहेब घरी आले. बरोबर रुग्णालयाचे तरुण रेडिओलॉजिस्ट होते, डॉ. निशिकांत कोठावळे. हुशार, मितभाषी माणूस. बापूसाहेबांनी नवा नकाशा पसरला. इमारतीवर आता नाव आलं होतं: डॉ. दिगंबर उकिडवे स्मृती रेडिओलॉजी भवन. फुकट वॉर्डाच्या जागी एमआरआयची खोली होती.

"वॉर्ड वर नेताय?" मी विचारलं.

"तात्पुरता वो, ताई."

"वर लिफ्ट नाही. रॅम्पही नाही."

"करू की. आधी डॉक्टरांचं काम होऊ दे."

"आणि हा पुढचा काचेचा भाग? तो उन्हाळ्यात तापेल. तो थंड ठेवायलाच..."

"ताई," बापूसाहेबांना खरंच वाईट वाटलं. "डॉक्टरांच्या नावाला शोभलं पायजे का नको? त्यांच्या नावाची बिल्डिंग पत्र्याची बांधू?"

"बापूसाहेब, पण हे सगळं तपासायचं ठरलं होतं ना? आमचा रिव्ह्यू पूर्ण झालेला नाही."

"आता रिव्ह्यू कशाचा करायचा?" त्यांनी बोट वर केलं. "मंजुरी डायरेक्ट वरनं आली."

कोठावळे खाली पाहत हसले. मीही हसले असते. पण बापूसाहेब पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमी फक्त दोन ओळी लिहा. डॉक्टरांच्या इच्छेप्रमाणे खर्च रास्त आहे. सभेत उभं राहून वाचा. लेकीनं वाचलं म्हंजे त्यांच्या आत्म्याला बरं वाटंल. आमाला पण."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातात बापूसाहेबांच्या चहाचा ट्रे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ट्रे खाली ठेवला. कप एकमेकांना लागू न देता.

मी "बरं" म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी नानांच्या खोलीत त्या दोन ओळींसमोर बसून काढले. दार लोटलेलं असे आणि तरी बाहेरचा प्रत्येक आवाज आत येई: आईच्या बांगड्या, आईची भाजी चिरण्याची लय, आईचं शेजारणीला सांगणं, "त्यांच्या मनात होतं हो. शेवटी शेवटी तर बापलेकीचं तेच बोलणं चालायचं." ऐकलं की मी तो कागद पालथा ठेवायचे.

मशीन मला हवं होतं, हीच अडचण होती. हौसाक्कांचा पदराखालचा हात मला दिसत होता. नानांचं चुकतंय असं मला त्या रविवारीही वाटलं होतं. आता काहीही न करता मशीन येत होतं. मला फक्त त्या दोन ओळी वाचून गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मशीनबरोबर ती काच येत होती, वॉर्ड वर जात होता, आणि त्यांतल्या कशाविषयीही कुणी ब्र काढायला तयार नव्हतं, कारण विचारणं म्हणजे नानांच्या आड येणं. जन्मभर ज्यांनी प्रत्येक खर्चाला 'कशाला?' विचारलं, त्यांच्याच नावामुळे आता कुणी 'कशाला?' विचारू शकत नव्हतं.

मी बडोद्याला उदयला फोन केला.

"तुला मशीन हवंय ना?" तो म्हणाला. "मिळतंय. मग प्रश्न काय आहे?"

"नानांना नको होतं, उदय. त्यांनी मला नकार लिहितो म्हणून सांगितलं होतं."

"हे आणखी कुणाला माहितीये?"

"नाही."

तो मग म्हणाला, "आई जेवतेय, हेमा."

एवढंच. त्याच्यावर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

*

सभा रुग्णालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. उदय आदल्या दिवशी येऊन पोचला होता. विश्वस्त, डॉक्टर, नर्स, गावातले पुष्कळ लोक. भिंतीवर नानांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. फोटो कुठल्याशा सत्कारातला होता. नाना त्यात अवघडून बसले होते. खाली आईनं स्वतः रांगोळी काढली होती. नानांनी घरी आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन, त्यांवर नक्षी कोरून ती छाप करायची. आजही तिनं तोच छाप आणला होता. पांढऱ्या ठिपक्यांची वेल फोटोखाली नीट उमटली होती, आणि छाप तिच्या मांडीवर होता. उजेडात त्यात कुणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या.

तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. बापूसाहेब बोलले. मग दुसरे बोलले. सगळे एकच गोष्ट बोलत होते, आणि घाटावरचा कावळा प्रत्येक भाषणात थोडा मोठा होत होता. एकानं सांगितलं की तो पांढऱ्या मानेचा होता.

"आता डॉक्टरांच्या कन्या त्यांचा अभिप्राय वाचतील," बापूसाहेब म्हणाले आणि मला जागा करून दिली.

मी उभी राहिले. समोरच्या खिडकीतून खाली फुकट वॉर्डाची ओसरी दिसत होती. दारात एक म्हातारी उन्हाला बसली होती, तिच्या हातात सलाइनची सुई तशीच होती. माझ्या हातातल्या कागदावर दोन ओळी होत्या. मी कागद टेबलावर ठेवला.

"नानांना हे मशीन नको होतं," मी म्हणाले.

कुणीतरी खुर्ची सरकवली. बापूसाहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणताय, ताई?"

"ते गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. मंगळवारच्या सभेत ते नकार देणार होते."

"अवो, पण कावळा शिवला! समद्यांनी बघितलं."

"शिवला. तुमच्या शब्दाला शिवला, बापूसाहेब. तुमचा शब्द खरा होता म्हणून असेल. पण ती नानांची इच्छा नव्हती."

त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना, तरी मी पाहत राहिले. मग मी नानांची कारणं सांगितली. मशीनची भूक सांगितली. तारण टाकलेली जागा सांगितली. तात्पुरता या शब्दाविषयी ते काय म्हणाले होते, ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. मागच्या रांगेतल्या एक-दोन वयस्क नर्सनी माना हलवल्या. त्यांना त्या वाक्यात नाना ऐकू आले असावेत. नानांच्या वतीनं बोलताना माझा आवाज अजिबात कापला नाही. त्याचा मला जन्मभराचा सराव होता.

बोलणं संपलं. मान खाली घालून बसलेला उदय मला दिसला. आईकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं. ती आता पुन्हा जेवायची थांबेल, असं वाटत होतं.

डॉ. कोठावळे शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे सरांचं झालं. तपासणी तुम्ही दोघांनी केली होती. तुमचं स्वतःचं मत काय आहे?"

हाच प्रश्न. मला हरभऱ्याचा वास आला. जीभ आपोआप त्या जुन्या वाक्याकडे गेली: नानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते बोलून मी खाली बसू शकले असते. वॉर्ड वाचला असता, नानांचा शब्द राहिला असता, आणि हौसाक्कांनी पुढच्या दिवाळीची वाट पाहिली असती.

मी काहीतरी बोलले. खाली टेबलाकडे बघून, ओठांतल्या ओठांत.

"हेमा."

आईचा आवाज होता. मी वर पाहिलं. ती खुर्चीत ताठ बसली होती. छाप तिनं दोन्ही हातांत धरला होता. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मी आता जे सांगितलं त्यातलं काहीच तिला नवीन नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"मोठ्यानं बोल गं," आई म्हणाली. "पुटपुटू नकोस. ऐकू येत नाही."

मी हॉलकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या फोटोकडे वळले. चंदनाच्या हाराआडून नाना अवघडून माझ्याकडे पाहत होते.

"नाना," मी म्हणाले, आणि माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेलेला मला ऐकू आला, "मला तुमचं पटलं नव्हतं. वॉर्ड जिथं आहे तिथंच राहील. पण मशीन यायला हवं. आणि त्याच्यावर तुमचं नाव नको."